कारागिराच्या अनुभवाची परीक्षा त्याच्या दुकानात घ्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नोकरीत, धंद्यात किंवा गावच्या कामात मिळवलेल्या ज्ञानालाही आता पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांक (क्रेडिट) मिळू शकतील, अशा बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि त्या वाचून आमच्यासारख्या आडवळणाच्या तालुक्यात काही जणांच्या मनात आशा जागी होते. मी 31 वर्षे एका ग्रामीण महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि या कल्पनेच्या बाजूचा आहे. माझे म्हणणे तिच्या अंमलबजावणीविषयी आहे. अनुभव मोजायला बसलेली माणसे प्रत्यक्षात दाखले मोजतात, आणि विदर्भाच्या खेड्यात ज्यांच्या हाती सर्वांत जास्त अनुभव आहे त्यांच्याजवळ नेमका दाखलाच नसतो.

तीन वर्षांपूर्वी ऐन हरभऱ्याच्या ओलितात माझ्या विहिरीवरची तीन अश्वशक्तीची मोटार जळाली. ती मी शेजारच्या गावी मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिराकडे नेली. टिनाचे छप्पर, एक लाकडी टेबल, वार्निशचा वास आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली लाकडी फर्म्यांची रांग, एवढेच त्याचे दुकान. त्याने मोटार उघडली, आतली काळवंडलेली तार बोटाने चाचपली आणि एक मिनिटही न घालवता म्हणाला, “सर, हे दोन फेज जळाले, हा तिसरा पाहा कसा कोरा हाये. मोटारीत दोष नाई. डीपीवरचा एक फ्यूज गेला अन् मोटार बाकीच्या दोघांवर घुरघुरत रायली. तुमाले आवाज नाई आला का?” मला आवाज आला नव्हता, कारण आमच्या फीडरवर त्या आठवड्यात रात्रीची लाइन होती आणि मी झोपलो होतो. मग मला बरे वाटावे म्हणून की काय, त्याने पुढे सांगितले, “डेल्टा जोडणी असती तं एकच फेज जळाला असता.” मी विचारले, “का बरं, दादा?” तो हसला आणि म्हणाला, “थे तुमी सांगा, सर.”

ते मला सांगता आले. स्टार आणि डेल्टा या मोटारीतली तीन फेजची वेटोळी जोडण्याच्या दोन पद्धती, आणि माझी मोटार स्टारची होती. स्टार जोडणीतील एक फेज तुटला आणि मोटारीवरचा भार तोच राहिला, की उरलेल्या दोन तारांतील प्रवाह साधारण पावणेदोन पटीने वाढतो, हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवत होतो. परंतु इतक्या वर्षांत मी जळालेला स्टेटर, म्हणजे मोटारीतला तार गुंडाळलेला स्थिर भाग, एकदाही हातात घेतलेला नव्हता, आणि तो पाहून आदल्या रात्री विहिरीवर काय घडले असेल हे मला ओळखता आले नसते. त्या दिवशी त्याने जुन्या वेटोळ्याचे वेढे मोजले, तारेची जाडी मायक्रोमीटरने पाहिली, निघालेले तांबे तोलून वहीत टिपून ठेवले, फर्म्यावर नवी वेटोळी गुंडाळली, प्रत्येक खाचेत आधी कागद घालून मग तार बसवली आणि तिसऱ्या दिवशी मोटार चालू करून दिली. आमच्या प्रयोगशाळेत यातले अर्धे काम आलेला विद्यार्थी मला मिळाला असता तर मी त्याला वीसपैकी एकोणीस गुण दिले असते.

या कारागिराने दहावीनंतर शाळा सोडली आणि 22 वर्षे हाच धंदा केला. आता त्याला शिकावेसे वाटू लागले, त्याचे कारण हौस नव्हे. गावोगावी सौर पंप येत आहेत, शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच असते, आणि गावच्या दुकानात येणाऱ्या मोटारी त्या प्रमाणात कमी होणार, हे त्याला दिसते आहे. हातात पदविका असती तर आयटीआयमध्ये निदेशक म्हणून जाता आले असते, असे तो म्हणतो. मला विचाराल तर तो उत्तम निदेशक होईल. एका संस्थेच्या माहितीपत्रकात ‘अनुभवी कारागिरांचा अनुभव ग्राह्य धरला जाईल’ असे छापलेले त्याने वाचले आणि एक दिवसाचे दुकान बंद ठेवून, एसटीने 70 किलोमीटर जाऊन तो तिथे चौकशीला गेला. खिडकीवर त्याला तीन गोष्टी मागण्यात आल्या: मालकाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. तो स्वतःच दुकानाचा मालक आहे, म्हणून दाखला कोणी द्यायचा, असे त्याने विचारले. तुमच्या आधीच्या मालकाने द्यावा, असे उत्तर मिळाले. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला ते वारून आठ वर्षे झाली, आणि ते हयात असते तरी त्यांच्याकडे लेटरहेड कुठले? दुकानाचा म्हणावा असा एकच कागद त्याच्याजवळ आहे, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती, आणि तीही वडिलांच्या नावे. कर्मचारी नियमाप्रमाणेच वागले, त्यांच्यावर माझा राग नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पगारी नोकर होता, टिनाखाली बसणारा कारागीर नव्हता.

कागद नसल्याची ही गत झाली. कागदांचा ढीग असणाऱ्यांचे काय होते, ते मी माझ्याच घरात पाहिले. माझी भावजय आमच्या गावची ‘आशा’, म्हणजे आरोग्यसेविका, आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती त्या घरी जाते. बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप पाहते, आणि बाळ झोपलेले असताना घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. तो 60 किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजते, आणि तरीही तेवढाच भरला तर घरच्यांची समजूत घालून गाडी बोलावते. हजारभर लोकवस्तीच्या नोंदी तिच्या रजिस्टरांत आहेत. चार वर्षांपूर्वी तिने दूरस्थ शिक्षणाने पदवीला नाव घातले. त्यात सामुदायिक आरोग्याचा एक विषय होता आणि त्याला प्रकल्प होता: दहा कुटुंबांचे आरोग्य सर्वेक्षण करा आणि त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्याची सही घ्या. दरवर्षी सबंध गावाचे सर्वेक्षण करणाऱ्या बाईने दहा घरे निवडून ती नव्या कागदावर उतरवली, ज्या अधिकाऱ्यांकडे ती दरमहा अहवाल देते त्यांचीच सही घेतली आणि प्रकल्प सादर केला. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका नसल्याबद्दल तिचे गुण कापले गेले. घरात आम्ही त्यावर हसलो, पण ती हसली नाही.

या दोघांना न्याय देण्याची चौकट कागदावर तयार आहे, म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 2021 मध्ये विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवून ठेवणारी शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली आणि 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यात 30 तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 श्रेयांक, असा हिशेब असून वर्गाबाहेर, कामातून आणि अनुभवातून झालेले शिक्षणही तपासून मोजता येईल असे म्हटले आहे. तीन वर्षांची पदवी त्यामुळे साधारण 120 श्रेयांकांची होते. आता आमच्या कारागिराचे तास मोजू. वर्षाचे 300 दिवस, दिवसाचे आठ तास, अशी 22 वर्षे धरली तर 52,800 तास होतात. त्यांना 30 ने भागले की 1760 श्रेयांक, म्हणजे चौदा पदव्या पुरून उरतात. हा हिशेब मी मुद्दाम केला, कारण तो हास्यास्पद आहे. अनुभव तासांनी मोजू लागलो तर असेच आकडे येणार आणि दाखल्यांनी मोजू लागलो तर शून्य येणार. त्या तासांतून माणूस काय शिकला, एवढेच मोजण्यासारखे आहे.

हा भेद मला केवळ तात्त्विक वाटत नाही, आणि यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही तो वाटू नये. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीच्या अनुभवात त्यांपैकी पुष्कळ जण कोणाला हार जाणारे नव्हते. वर्षानुवर्षे पाठीवर पंप घेऊन त्यांनी वावरे पालथी घातली होती. पण डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग पिवळ्याहून किती जहाल, दोन औषधे एकत्र केली तर काय होते, डोक्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत वाऱ्याच्या विरुद्ध फवारले तर काय होते, हे त्यांना कोणी नीट शिकवले नव्हते. नुसत्या वर्षांच्या संख्येवर फवारणीचे श्रेयांक वाटणारी संस्था उद्या निघाली, तर मी तिच्या विरोधात असेन. उलट, डबा हातात दिल्यावर त्रिकोण ओळखणारा, मात्रा मोजून घेणारा आणि दुपारच्या उन्हात फवारायला नकार देणारा मजूर अक्षरशत्रू असला तरी त्याला त्या विषयाचे प्रात्यक्षिकाचे श्रेयांक मिळालेच पाहिजेत.

अनुभवातून आलेले ज्ञान मोजता येत नाही, असे माझे काही जुने सहकारी म्हणतात. त्यांनी आपल्याच विदर्भातील गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले, आणि त्यांच्या कामाची गावोगाव मोजणी केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आल्याचे 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि 2011 पासून हीच पद्धत आशांमार्फत देशभर नेली गेली. माझी भावजय झोळीत बाळाचे वजन करते ते त्यामुळेच. त्या बायकांचे काम मोजता आले, कारण मोजणारे त्यांच्या गावात गेले होते. आम्ही प्राध्यापक मात्र परीक्षार्थीने आमच्या खिडकीवर यावे, अशी वाट पाहत बसतो.

परदेशांत ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या लष्करी प्रशिक्षणाला महाविद्यालयांनी श्रेयांक द्यावेत, यासाठी तपासणीची व्यवस्था उभी राहिली, आणि पुढे प्रौढ नोकरदारांसाठीही ती वाढत गेली. फ्रान्समध्ये 2002 च्या कायद्याने तर कामाच्या अनुभवावर अख्खी पदवी मिळवण्याचा मार्ग खुला केला. तिथल्या परीक्षक मंडळात प्राध्यापकांबरोबर त्या व्यवसायातली माणसेही बसतात, ही गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी. जी घेऊ नये ती अशी, की या देशांत अर्जदाराला आपल्या अनुभवाची जाडजूड वही लिहून द्यावी लागते. आपल्याकडे ती पद्धत आणली तर ज्याची भाषा चांगली त्याला श्रेयांक मिळतील, आणि आठवड्याभरात तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानावर ‘अनुभव वही तयार करून मिळेल’ अशी पाटी लागेल. प्रकल्पांच्या वह्या सध्या कुठे तयार होतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसरा धोका शिबिरांचा आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याला मान्यता देण्याचा एक भाग आहे आणि त्याचा हेतू चांगलाच आहे. पण आमच्या तालुक्यात एका एजन्सीने घेतलेले असे एक शिबिर मी पाहिले, त्यात गवंड्यांना टोपी आणि टी-शर्ट मिळाला, ओळीत उभे करून फोटो काढला गेला, आणि दोन तासांत सर्व जण उत्तीर्ण झाले. एकाच्याही हातात थापी दिली गेली नाही. त्या प्रमाणपत्राचे पुढे काय झाले, असे मी एका गवंडीभाऊला विचारले. तो म्हणाला, लॅमिनेशन केले आहे. पदवीच्या श्रेयांकांचे असे होऊ लागले तर ते मुळीच न दिलेले बरे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 1989 मध्ये स्थापन झाल्यानंतर बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट काढली आणि त्या वाटेने विदर्भातील कितीतरी माणसे पदवीपर्यंत पोचली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून वर्गच गावात नेला, तेही त्याच दिशेचे पाऊल आहे. परंतु प्रवेश मिळणे वेगळे आणि आधीचे शिक्षण मोजले जाणे वेगळे. आत शिरल्यावरही कारागिराला मोटारीचे भाग ओळखण्यापासून सुरुवात करावी लागत असेल, तर त्याची दोन सत्रे आणि दोन सत्रांची फी आपण वाया घालवतो.

माझी सूचना फार मोठी नाही. 2014 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेत चालणाऱ्या बी. व्होक.सारख्या व्यावसायिक पदवीच्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकाचा वाटा ठळक असतो. त्या प्रात्यक्षिकापुरती अनुभवाची परीक्षा अर्जदाराच्या कामाच्या जागी घ्यावी. परीक्षक दोन असावेत, एक महाविद्यालयाचा आणि एक त्याच धंद्यातला, मात्र दुसऱ्या तालुक्यातला, म्हणजे भाऊबंदकी आणि चढाओढ दोन्ही टळतील. दाखला मागू नये. जळालेली मोटार पुढ्यात ठेवावी आणि काय झाले ते विचारावे. प्रश्नोत्तरे तोंडी आणि अर्जदाराच्या बोलीत व्हावीत, मग ती वऱ्हाडी असो, गोंडी, कोलामी की गोरमाटी. लागेल तिथे दुभाषी न्यावा. आशांच्या बाबतीत परीक्षकाने एका गृहभेटीला त्यांच्याबरोबर जावे आणि घरच्यांची परवानगी घेऊन मुकाट्याने कोपऱ्यात बसावे. सिद्धान्ताचे श्रेयांक मात्र कोणालाही फुकट देऊ नयेत. स्टारमध्ये दोन फेज का जळतात, हे आमच्या कारागिराला येत नाही आणि ते त्याने शिकलेच पाहिजे. तो शिकायला तयारही आहे, किंबहुना त्याला तेवढेच शिकायचे आहे.

यात अडचण आमच्या बाजूचीही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. महाविद्यालयातील पदे तासिकांच्या भारावर ठरतात. अनुभवाला श्रेयांक दिले की काही तासिका कमी होतील, या भीतीने माझ्या पिढीतील प्राध्यापक या विषयावर गप्प बसतात, आणि नोकरीत असताना मीही गप्पच होतो. परीक्षक म्हणून खेड्यात जाण्याचा एक दिवस हा कामाच्या भारात धरला, प्रवासभत्ता वेळेवर दिला, तर ही भीती बरीचशी ओसरेल. फीचाही विचार व्हावा. अनुभवाच्या मूल्यमापनाची फी सत्राच्या फीइतकी ठेवली तर सत्र वाचवण्यात अर्जदाराचा काय फायदा?

आपल्या वृत्तपत्राने अमरावती, नागपूर आणि गडचिरोली येथील तिन्ही विद्यापीठांना एवढेच विचारावे, की अनुभवाच्या श्रेयांकांसाठी अर्ज कोणाकडे करायचा, त्या अधिकाऱ्याचे पद काय, आणि अर्ज आल्यावर किती दिवसांत परीक्षक पाठवला जाईल. उत्तरे छापून आली तर मी स्वतः पहिला अर्ज भरून घेईन. एक विनंती वेळापत्रकाविषयी आहे. उन्हाळी परीक्षेच्या सुमारास आमच्याकडच्या बहुतेक विहिरी आटलेल्या असतात आणि मोटारी बंद असतात. जळालेली मोटार पाहायची असेल तर परीक्षकांनी डिसेंबरात यावे, हरभरा आणि गव्हाच्या ओलितात. त्या महिन्यात दुकानाबाहेर दररोज चार-पाच तरी मोटारी पडून असतात. मंगळवार सोडून यावे, त्या दिवशी बाजार असतो.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ